माठाला लावलेला हात

मंजुळाबाईने तागडीत वांगी टाकता टाकता सांगितलं की काल दुपारी बाई येऊन गेल्या. वांग्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं, आवाज खाली न आणता, माझ्याकडे न बघता. मी पिशवीचं तोंड उघडून उभी होते ती तशीच उभी राहिले. बाई म्हणजे माझी आई. डॉक्टर रेणुका हे नाव नुसतं पाटीवर होतं. खामगावच्या बाजारात आणि तिथून वरवट बकालपर्यंतच्या खेड्यापाड्यांत तिला सगळे बाईच म्हणायचे. त्या हिशेबाने आम्ही बाकीच्या कोण होतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. संक्रांत झाली आणि ती गेली, आता वैशाख तापला होता. तिरडी उचलली तेव्हा मंजुळाबाई माझ्या गळ्यात पडून रडली होती, तिचं कुंकू माझ्या खांद्याला लागलं होतं. तेव्हा तिला माहीत नव्हतं असं काही नाही. मी विचारलं, कोण बाई? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की कीव मी तिची करावी की तिने माझी, तेच मला कळेना. मग तिने तागडी खाली ठेवली आणि नीट समजावून सांगितलं. फाल्गुनात ती एकदा दुपारची घरात आडवी पडली होती, लाईन गेली होती, तेव्हा तिच्या पोटावर थंडगार हात आला. ‘मले वाटलं सुनेचा हाये,’ ती म्हणाली. ‘मंग बोटं फिरली न, तशी मी ओयखलं. बरगडीखाली एका जागी थांबली बोटं. बाई अशाच थांबत होत्या, काही सापडलं म्हंजे.’ दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या मागे लागून अकोल्याला गेली. तिथे खरोखरच काहीतरी सापडलं, ते वेळेवर काढलं, आणि काल बाई आल्या होत्या त्या टाके बघायला. एवढं सांगून तिने वांग्यांवर दोन मिरच्या टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी शाळेत भूगोल शिकवते. वारे कुठून वाहतात, पाऊस कुठे अडतो, हे सगळं मी कारणासह सांगू शकते, आणि अंगात येणं, लिंबू उतरवणं वगैरे गोष्टी कुणी माझ्यासमोर काढल्या तर माझं डोकं उठतं. मंजुळाबाईचं पोट आधीपासून दुखत असणार, आई हयात असतानाच तिला दाखवून ये म्हणाली असणार, आणि दुपारच्या ग्लानीत तेच वर आलं असणार. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण बाजारातून घरी येताना, ऊन डांबरातून वर येत होतं आणि दुकानांची शटरं अर्धी खाली होती, तेव्हा माझा उजवा हात पदराखालून छातीच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. तिथे एक गाठ आहे. बोराएवढी, हलत नाही, दुखत नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला अंघोळ करताना ती पहिल्यांदा हाताला लागली, आणि तेव्हापासून मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझा नवरा राम भला माणूस आहे, पण मला नुसती शिंक आली तरी तो इंटरनेटवर वाचत बसतो आणि मग त्यालाच धीर द्यावा लागतो. माझी मुलगी अर्पिता पुण्याला नोकरी करते, ती असेल तशी निघून आली असती. कारणं खूप होती आणि सगळी खोटी होती. खरं एवढंच की मी वाट बघत होते. मंजुळाबाई ही काही पहिली नव्हती. नौशाद टेलरच्या बायकोने, जहांआराने, मला चैत्रातच सांगितलं होतं की तिच्या नातवाला फणफणून ताप चढला होता, आणि त्याच्या कपाळावर ओल्या बोटांचे ठसे तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाळताना बघितले. शाळेतल्या शिपायाच्या वहिनीचं असंच काही होतं. सगळ्या तालुक्याला आई भेटत होती, आणि मी तिची एकुलती एक मुलगी, तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर झोपून, गाठीवर हात ठेवून तिची वाट बघत होते. ती आली, तिची बोटं त्या जागेवर थांबली किंवा न थांबता पुढे गेली, तर मी काय ते मानणार होते. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. यात किती दिवस हातचे जात होते ते मला कळत होतं, डॉक्टरच्या घरात वाढलेल्या बाईला ते कळायला कुणी सांगावं लागत नाही.

ओल्या बोटांचं कारण मला माहीत होतं. दवाखान्यात तिच्या खुर्चीच्या डाव्या हाताला लाकडी तिवईवर माठ असायचा. उन्हाळ्यात तापाचा पेशंट आला की आई आधी तळहात माठाच्या पोटाला लावायची, मग त्याच्या कपाळाला. थर्मामीटर नंतर. नवे शिकून आलेले डॉक्टर तिला हसत असत, की बाई, तुमचा हातच थंड झाल्यावर ताप कळणार कसा? ती म्हणायची, ताप मला कळायचाच आहे, त्याला आधी जरा बरं वाटू दे. थंडीत ती उलट हात काखेत धरून गरम करायची, गरोदर बाईच्या पोटाला गार हात लागला तर आतलं लेकरू दचकतं, असं तिचं म्हणणं. ती हे असं बोलायची आणि औषधं मात्र अगदी पुस्तकाप्रमाणे द्यायची, त्यामुळे तिला नेमकं कुठल्या खणात ठेवावं हे मला कधी समजलं नाही. माझे वडील मी बालवाडीत असताना अपघातात गेले. तेव्हापासून घर आणि दवाखाना यांच्या मधलं दार उघडंच राहिलं. मी स्वयंपाकघरात गणितं सोडवायची आणि भिंतीपलीकडून खोकले ऐकू यायचे. भाकरी तव्यावर असताना कुणाचं तरी बाळंतपण अडायचं. ती गॅस बंद करायची, माझ्या डोक्यावर हात ठेवायची आणि जायची, आणि मी अर्धी कच्ची भाकरी बघत बसायची. मला त्या सगळ्या पेशंटांचा राग यायचा. आजही येतो. मेल्यावर तरी ती माझ्या एकटीची होईल असं मला वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

आणि तिचं जाणं तरी कुठे माझं होतं. ती खुर्चीत गेली, सकाळच्या गर्दीत, कडूबाची नाडी बघता बघता. कडूबा वरवट बकालचा, कांद्याचं बी लावणारा. त्याचं हृदय गेली कित्येक वर्षं आई एका गोळीवर आणि पुष्कळशा दटावणीवर चालवत होती. तिची एक सक्त रीत होती, नाडी धरली की कुणी बोलायचं नाही. पेशंटने नाही, सोबत आलेल्याने नाही, बाहेर बाकावर बसलेल्यानेही नाही. नवखा कुणी बोललाच तर ती डोळे न उघडता भुवई वर करायची, तेवढ्याने खोली गप्प व्हायची. नाडी बघताना ती डोळे मिटायची, म्हणून कडूबाला त्या दिवशी काही वेगळं वाटलं नाही. तिने त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि तो बसून राहिला. बराच वेळ बसून राहिला. त्याला एवढंच वाटलं की आज आपल्या नाडीत काहीतरी मोठं सापडलं आहे आणि बाई ते नीट ऐकून घेत आहेत. कंपाउंडर छायाने चहा घेऊन पडदा सारला, तर त्याने मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून तिला गप्प राहायला सांगितलं. ती चहा घेऊन परत गेली. बाहेर सगळे गप्प बसले होते. मी भिंतीपलीकडे डबा भरत होते, आणि मला आठवतं, घर एकदम शांत झालं म्हणून मला बरं वाटलं होतं. शेवटी कडूबाच्याच हाताला मुंग्या आल्या म्हणून त्याने तो हळूच सोडवून घ्यायला बघितला, तर बोटं सुटेनात. छायाने ती एकेक करून उघडली. मला हाक मारली तेव्हा कडूबा उभा राहून माझ्याकडे हात पुढे करून दाखवत होता. मनगटावर चार बोटांच्या पांढऱ्या खुणा होत्या, त्या हळूहळू लाल होत होत्या.

मंजुळाबाईने सांगितलं त्यानंतरच्या रविवारी राम जळंबला लग्नाला गेला. मी डोकं दुखण्याचं निमित्त सांगून मागे राहिले. जेवायला वाढून घेतलं होतं, पण घास गिळेना म्हणून ताट तसंच झाकून ठेवलं. अलीकडे हे रोजचंच झालं होतं. भर दुपारी मी मधल्या दाराची कडी काढली आणि दवाखान्यात गेले. फिनेल आणि जुन्या रेक्झिनचा वास तसाच होता. छाया दर आठवड्याला येऊन झाडून जायची, कुणी सांगितलेलं नसताना. मी माठ धुतला, भरला, तिवईवर ठेवला. असं काही करणाऱ्या बायकांना मी आजवर काय काय म्हटलं असेल ते मला त्या वेळी आठवत होतं. पाणी पाझरून माठाचं पोट काळं पडेपर्यंत मी आईच्या समोरच्या स्टुलावर बसले. मग तपासणीच्या टेबलावर जाऊन पाठीवर झोपले, पडदा ओढून घेतला, आणि पदर बाजूला केला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाळ्याच्या दुपारी खामगावात असा एक तास येतो की सगळं गाव दारं लावून आत पडतं आणि कुणाचं काय चाललंय हे कुणालाच माहीत नसतं. रात्रीचं भय मला कधी वाटलं नाही, रात्री कुत्री तरी असतात. त्या दुपारी पंख्याचं पातं गरम हवा खाली ढकलत होतं, आणि पडद्याच्या हिरव्या कापडातून सगळं तळ्याच्या पाण्याच्या रंगाचं दिसत होतं. आई, मी आडवी झालेय, मी मनात म्हटलं. आता तरी ये. मग ते मी मोठ्याने म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला. काही झालं नाही. माठातून तिवईखालच्या थाळीत पाणी ठिबकत होतं. खुर्चीच्या वेताचा एकदा आवाज झाला, कुणी बसल्यासारखा, पण उन्हाने वेत असा वाजतो हे मला माहीत आहे. मी श्वास धरून पडले. त्या खुर्चीत कोण आहे हे बघायला पडदा बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिथे कुणी नसेल या भीतीनेही झाली नाही. यातली कुठली भीती जास्त होती ते मी आजही सांगू शकणार नाही.

मग रस्त्याकडचं दार उघडलं. ते मी आतून लावलं नव्हतं. कुणीतरी चपला काढल्या, आत आलं, स्टूल सरकलं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर कडूबा होता. डोक्याला धुवट रुमाल, अंगात स्वच्छ सदरा, बाजाराला यावं तसा आलेला. त्याने इकडे तिकडे बघितलं नाही. स्टुलावर बसून त्याने उजवा हात आईच्या टेबलावर ठेवला, मनगट वर करून, आणि डोळे खाली घालून गप्प बसला. समोर रिकामी खुर्ची. मला हाक मारायला हवी होती. पण दवाखाना गप्प झाला होता, पूर्वी होई तसा, आणि मी लहानपणापासून पाळत आलेली रीत माझ्याच्याने मोडवेना. तो बसला, मी पडून राहिले, थाळीत पाणी ठिबकत राहिलं. मग त्याने एकदम मान हलवली, कुणी झालं म्हटल्यावर हलवावी तशी, हात काढून घेतला आणि सदऱ्याला मनगट पुसलं. तेव्हा मी उठून पडदा सारला. तो दचकला नाही. त्याने मला नमस्कार केला. मी पुढे होऊन, काही न विचारता, त्याचं मनगट धरलं. एवढ्या उन्हातून चालत आलेल्या माणसाचं मनगट गार होतं, आणि ओलसर. माठ त्याच्या हाताच्या टप्प्यात नव्हता. ‘सोडलं नाही अजून त्यायनं,’ कडूबा शांतपणे म्हणाला. ‘धरेलच हाये. जरा ढिलं पडलं वाटलं म्हंजे येतो मी अठी.’

मला त्याचा इतका हेवा वाटला की मी त्याचा हात झटकलाच. तो माझ्याकडे बघत होता. माझा पदर नीट नव्हता आणि माझा हात पुन्हा त्या जागी गेला होता. तो म्हातारा माणूस, त्याने नजर बाजूला केली आणि माठाकडे बघत विचारलं, मी इथे अशी का झोपले होते. मी सांगितलं, थंड आहे म्हणून. त्याला ते पटलं नाही. ‘बाईले बलावून राह्यल्या का?’ त्याने विचारलं. मी पदर नीट केला, ते हो म्हटल्यासारखंच झालं. कडूबा चपला घालायला वाकला. ‘तुमच्याजोळ कशाले येतीन त्या,’ तो म्हणाला. ‘तुमी काय पेशंट हाय का त्यायच्या?’ त्याच्या मनात टोचून बोलायचं काही नव्हतं, रीत सांगावी तसं त्याने सांगितलं, आणि उन्हात निघून गेला. मी मात्र दार लावून घेतलं आणि खाली फरशीवर बसून मोठ्याने रडले. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा रडत होते.

खरंच, मी तिची पेशंट कधीच नव्हते. मला ताप आला तर तिने माठाला हात लावून माझ्या कपाळावर ठेवल्याचं मला आठवत नाही. ती मला तपासायचीच नाही. एकदा मला गोवर झाला होता, तेव्हा तिने स्टेथोस्कोप माझ्या छातीला लावला आणि लगेच काढून घेतला. ती मला म्हणाली, तुझ्या छातीत मला माझीच धडधड ऐकू येते, त्याचा काय उपयोग? त्यानंतर काहीही झालं की ती मला गावातल्याच डॉक्टर रहेमतुल्लांकडे घेऊन जायची. पेशंटांना बाहेर बसवून, रिक्षा करून. आपल्या माणसाला आपण तपासायचं नाही, आपली नजर साफ राहत नाही, हा तिचा नेम होता, आणि तो तिने स्वतःच्या आईच्या बाबतीतही पाळला. मला त्या वेळी ते फार लागायचं. साऱ्या गावाला हात लावते आणि मलाच तेवढी परक्याकडे नेते, असं मी एकदा तिला तोंडावर म्हटलं होतं. ती नुसती माझी वेणी घालत राहिली, आणि त्या दिवशी वेणी फार घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी कळवून मी निघाले. डॉक्टर रहेमतुल्ला आता घरीच असतात, कान गेले आहेत. दवाखाना त्यांची मुलगी यास्मीन चालवते. मी आले ती आईने पाठवल्यामुळे नाही, आईने टाकल्यामुळे आले, असं मला सारखं वाटत होतं. रामला सांगितलं नाही. एकटी गेले. तिथली पुढची खोली रंग देऊन नवी केली आहे, टोकन आहे, टीव्ही आहे, पण भिंतीलगतचा सागवानी बाक तोच आहे. दुसरं कुणी नव्हतं. मी त्याच्या एका टोकाला बसले, आणि बसल्यावर मला समजलं की मी लहानपणी बसायची त्या टोकाला बसले आहे. म्हणजे दुसऱ्या टोकाला ती असायची. इथे आल्यावर ती डॉक्टर राहत नसे. पदर डोक्यावर घ्यायची, तिचा चेहरा बारीक व्हायचा, बाजूला बसलेल्या खेड्यातल्या बायकांना ती विचारायची की तुमच्या पोरीला पण असंच झालं होतं का, मग बरी झाली का. आत गेल्यावर मला टेबलावर झोपवून डॉक्टरांनी बाहेर थांबा म्हटलं की ती मुकाट्याने बाहेर जायची, आणि पडद्याखाली तिची पावलं दिसत राहायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग पडद्यातून तिचा आवाज यायचा. आजाराचं एक अक्षर ती काढायची नाही. माझ्या खाण्याची तक्रार करायची. पोरगी काही खातच नाही हो, दूध टाकते, नुसती भात चिवडते. डॉक्टर रहेमतुल्ला मला हळूच म्हणायचे, ‘बेटा, ये बाहर कौन डॉक्टरनी है? इसको तो कुछ भी नहीं आता.’ मला तेव्हा तिची लाज वाटायची. माझ्या आईला एवढं मोठं ज्ञान आणि ती एखाद्या अडाणी बाईसारखी दारात उभी राहून दुधाचं गाऱ्हाणं सांगते, याची. त्या बाकावर बसून मी माझ्या डाव्या हाताची मोकळी जागा बघितली. लाकूड वापरून गुळगुळीत झालेलं होतं. पंखा चालू होता, टीव्हीचा आवाज बंद होता, आणि मला त्या जागेकडे फार वेळ बघवेना.

राखी नावाची नवी मुलगी मला आत घ्यायला आली. दुसरबीडची, नर्सिंग करून याच महिन्यात लागलेली, तिने मला माझं नाव दोनदा विचारलं. यास्मीनने मला बघितल्यावर खुर्चीवरून उठून मिठी मारली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिची मिठी सैल झाली. मी एका वाक्यात सांगून टाकलं. तिने कधीपासून विचारलं, मी सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही, पण तिचे ओठ मिटले गेले. सोबत कोण आहे म्हणाली. मी म्हटलं, एकटी आलेय. मला टेबलावर झोपवून तिने पडदा ओढला आणि तपासायला लागली. तिचा हात कोरडा होता, गरमही नाही, गारही नाही. बोटं फिरली आणि थांबली. मी छताकडे बघत होते. तिथे पालीसारखा एक डाग होता, तो हलेल असं मला वाटत होतं. ‘दीदी, सुई घालून तपासावं लागेल,’ यास्मीन म्हणाली. ‘अकोल्याला पाठवते. आत्ता मी काहीच सांगत नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही. पण आता उशीर करायचा नाही.’ मी मान हलवली. एवढे महिने जे ऐकण्यासाठी मी एका मेलेल्या बाईच्या हाताची वाट बघत बसले होते, ते एवढंच होतं. ते ऐकूनही मी अजून तिथेच होते, टेबलाचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं, आणि बाहेरून रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता.

तेवढ्यात पडदा बाजूला करून राखीने डोकं आत घातलं. तिचा आवाज खालच्या पट्टीत होता, नव्या मुलींचा असतो तसा. ‘मॅडम, ह्यांच्यासंग आलेल्या मावशी सारख्या विचारायल्यात,’ ती म्हणाली. ‘बाकावर बसा म्हणलं तरी बसंनात, इकडून तिकडं फिरायल्यात. लई घाबरल्यात. पोरगी काहीच खाईना, ताट तसंच झाकून ठेवती, तेवढं डाक्टरांना सांगा म्हणल्या.’

यास्मीनचा हात माझ्या अंगावर होता तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. ताटाचं मी तिला काही बोलले नव्हते, रामलाही नाही. ती पडद्याकडे वळायला लागली तशी मी तिचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असावं. ती थांबली. पडद्याखाली फरशीवर दुपारचा उजेड होता. मी तिकडे बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं, आणि बघायची गरजही उरली नव्हती. माझे डोळे भरून आले होते, पण आवाज नीट निघाला.

‘आई आहे माझी,’ मी राखीला म्हटलं. ‘ती आत येणार नाही. तिला सांग, घरी गेल्यावर जेवते म्हणावं.’

राखी बरं म्हणून गेली. ‘मावशी, जेवते म्हणल्या घरी गेल्यावर,’ असं तिने बाहेर कुणाला तरी सांगितलेलं मला आत स्पष्ट ऐकू आलं. मग मी उठून बसले, पदर सारखा केला, आणि अजून माझ्याकडेच बघत राहिलेल्या यास्मीनला विचारलं, उद्याच अकोल्याला गेलं तर चालेल का.